मार्कअप तयार करणारी हेल्पर फंक्शने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळमधील एका लहान वाचनालयाच्या संकेतस्थळाची देखभाल करताना, आणि त्या कामात हात घालू पाहणाऱ्या नवशिक्यांना कोड समजावून सांगताना, जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे बहुतेक त्याच कामातली, म्हणजे पुस्तकांची यादी, सभासदांची नोंदणी आणि देवघेव यांतली आहेत; भाषा आणि फ्रेमवर्क (संकेतस्थळ बांधण्याचा तयार सांगाडा) मात्र जेथे जे उपयोगी पडले ते घेतले आहे. टॅगची, म्हणजे पानाचा प्रत्येक भाग काय आहे हे ब्राउझरला सांगणाऱ्या कोनी कंसांतील खुणांची, नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतात.

हेल्पर फंक्शन म्हणजे नेमके काय?

वेबपानाच्या मार्कअपचा, म्हणजे टॅग आणि त्यांच्यातील मजकूर यांच्या लेखनाचा, एखादा तुकडा तयार करून परत देणारे साधे फंक्शन. दुवा("नवीन पुस्तके", पत्ता) एवढे लिहिले की त्यातून अँकर टॅग, त्याचा एचरेफ ॲट्रिब्यूट (टॅगला जोडलेली नाव आणि किंमत अशी माहिती; येथे दुव्याचा पत्ता), मधला मजकूर आणि बंद करणारा टॅग हे सर्व तयार होऊन मिळते. वेगवेगळ्या फ्रेमवर्कांतली, म्हणजे रेल्समधील लिंक-टू, जँगोमधील फॉरमॅट-एचटीएमएल, एएसपी डॉट नेट कोअरमधील टॅग हेल्पर ही सगळी याच कुळातली मंडळी आहेत. त्यांत दोन थर असतात. खालच्या थरातील फंक्शनला टॅगचे नाव, ॲट्रिब्यूट आणि आतला मजकूर द्यावा लागतो, आणि ते कोणताही टॅग तयार करू शकते. वरच्या थरातील फंक्शनला टॅगचे नाव सांगावे लागत नाही, त्याला फक्त पुस्तक द्यायचे आणि ते यादीतील त्या पुस्तकाची पूर्ण ओळ परत देते. वरच्या थराने खालच्या थराचा आधार घ्यावा, परस्पर स्ट्रिंग (अक्षरांच्या साखळ्या) जोडू नयेत, हा एक नियम पाळला तरी पुढचा बराच त्रास वाचतो.

टॅग हाताने लिहिता येत असताना फंक्शनची गरज काय?

टंकन वाचते, हे कारण सर्वप्रथम सांगितले जाते आणि माझ्या मते तेच सर्वांत दुबळे आहे, कारण आजच्या संपादकांमध्ये बंद करणारा टॅग आपोआप उमटतो आणि अनेकदा फंक्शनचे आवाहनच (ते वापरण्यासाठी लिहिलेली ओळ) मूळ टॅगपेक्षा लांब होते. खरे कारण निराळे आहे. प्रोग्रामच्या दृष्टीने सभासदाचे नाव ही एक स्ट्रिंग असते आणि मार्कअपचा तुकडा हीसुद्धा एक स्ट्रिंगच असते. दोन्ही एकमेकांना जोडल्या तर भाषा कुरकुर करत नाही. ब्राउझरच्या दृष्टीने मात्र त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत, एक दाखवायची आणि दुसरी अमलात आणायची. हा फरक कोडमध्ये कोठे तरी सांभाळला गेला पाहिजे, आणि तो प्रत्येक ओळीत प्रत्येकाने लक्षात ठेवून सांभाळायचा म्हटले तर कधी ना कधी कोणी तरी चुकणारच.

मुंबईत जकात होती तोवर, म्हणजे २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत, शहरात येणारा माल मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर थांबत असे. हेल्पर फंक्शनचे स्थान तेच आहे: मजकूर मार्कअपच्या हद्दीत शिरतो ती जागा. तेथे तपासणी चोख असेल, तर आतल्या रस्त्यांवर प्रत्येक गाडी थांबवण्याची गरज उरत नाही. टंकन वाचणे हा त्यातला वरकड लाभ समजावा.

एस्केप करणे म्हणजे काय, आणि ते न केल्यास खरोखर काय बिघडते?

मार्कअपमध्ये विशेष अर्थ असलेली पाच चिन्हे आहेत: उघडणारा कोनी कंस, बंद होणारा कोनी कंस, अँपरसँड, दुहेरी अवतरण आणि एकेरी अवतरण. मजकुरात ती आली तर त्यांच्या जागी ब्राउझरला समजणारे पर्यायी संकेत लिहिणे म्हणजे एस्केप करणे. संकेत अँपरसँडने सुरू होतो आणि अर्धविरामाने संपतो. ब्राउझर तो वाचून वाचकाला मूळ चिन्ह दाखवतो, परंतु त्याला टॅगचा भाग मानत नाही.

बिघाड नेहमी हल्लेखोराकडूनच होतो असे नाही. आमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये इनपुट टॅगचा व्हॅल्यू ॲट्रिब्यूट एकेरी अवतरणांत लिहिलेला होता. वसईकडची किंवा गिरगावातील खोताच्या वाडीतली डिमेलो, डिसोझा ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर एकेरी अवतरण येते. अशा एका सभासदाने पत्ता बदलण्यासाठी फॉर्म उघडला, तेव्हा ब्राउझरने आडनावातले अवतरण हीच ॲट्रिब्यूटची अखेर मानली, चौकटीत फक्त पहिले अक्षर दिसले, आणि त्यांनी पत्ता बदलून फॉर्म जतन करताच आडनावही एका अक्षराचे झाले. मजकूर एस्केप होत होता, तरीही असे घडले, कारण पीएचपीचे एचटीएमएल-स्पेशल-चार्स हे फंक्शन ८.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत एकेरी अवतरण आपणहून बदलत नसे. त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागे. २०२१ मध्ये आलेल्या ८.१ पासून दोन्ही अवतरणे आपोआप बदलली जातात. जुन्या सर्व्हरवर जुनी आवृत्ती चालू असेल, तर हा खड्डा अजूनही तसाच आहे.

हेतुपुरस्सर केलेल्या हल्ल्याचे गाजलेले उदाहरण ऑक्टोबर २००५ मधले आहे. मायस्पेस या संकेतस्थळावर सॅमी कामकार या तरुणाने स्वतःच्या प्रोफाइलमध्ये अशी स्क्रिप्ट घुसवली, की ते पान पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये ती स्वतःची नक्कल करी, आणि मग त्याचे पान पाहणाऱ्याच्याही. सुमारे २० तासांत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलपर्यंत ती पोहोचली. तेथे काही धोक्याचे टॅग गाळण्याची व्यवस्था होती. पण गाळणे आणि एस्केप करणे या भिन्न गोष्टी आहेत. गाळताना वाईट काय याची यादी पूर्ण असावी लागते आणि ती कधीच पूर्ण नसते. एस्केप करताना अशा यादीची गरजच पडत नाही.

एकदा एस्केप केलेला मजकूर पानावर कोठेही ठेवला तर चालतो का?

नाही, आणि नवशिक्यांपेक्षा अनुभवी माणसेच येथे अधिक चुकताना दिसतात. मजकूर परिच्छेदात, अवतरणांतील ॲट्रिब्यूटमध्ये, दुव्याच्या पत्त्यात, स्क्रिप्ट टॅगमध्ये किंवा स्टाइलमध्ये बसू शकतो, आणि या प्रत्येक ठिकाणचे व्याकरण वेगळे आहे. पाच चिन्हांचा नियम पहिल्या दोन ठिकाणांपुरता पुरेसा आहे, तोही ॲट्रिब्यूटची किंमत अवतरणांत लिहिली असेल तरच. अवतरणे गाळली तर साधी मोकळी जागासुद्धा किंमत संपवून नवा ॲट्रिब्यूट सुरू करते.

दुव्याचे उदाहरण घेऊ. सभासदाने आपल्या संकेतस्थळाचा पत्ता म्हणून "जावास्क्रिप्ट" या शब्दाने आणि विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारी ओळ दिली, तर तिच्यात पाचांपैकी एकही चिन्ह असेलच असे नाही. एस्केप करणारे फंक्शन तिला बिनदिक्कत पुढे जाऊ देते, आणि दुव्यावर बोट टेकवणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ती ओळ कोड म्हणून चालते. म्हणून दुव्याच्या हेल्परने पत्ता एचटीटीपी, एचटीटीपीएस, मेलटू अशा ठरावीक पद्धतींनी सुरू होतो किंवा आपल्याच संकेतस्थळातील आहे याची खात्री करावी, आणि तसे नसेल तर दुवा न देता नुसता मजकूर द्यावा. स्क्रिप्ट टॅगच्या आत सभासदाने दिलेली माहिती थेट लिहिण्याचे तर मी कटाक्षाने टाळतो. ती डेटा ॲट्रिब्यूटमध्ये ठेवावी आणि स्क्रिप्टने तेथून वाचावी, म्हणजे पुन्हा पाच चिन्हांचाच प्रश्न उरतो.

पानावर अँपरसँडच्या जागी त्याचा संकेतच छापलेला दिसतो. असे का होते?

मजकूर दोनदा एस्केप झाला आहे. "चहा & बिस्किट" ही ओळ पहिल्या फेरीत बरोबर बदलली जाते; दुसऱ्या फेरीत त्या संकेताच्या सुरुवातीचा अँपरसँड पुन्हा बदलला जातो, आणि वाचकाला संकेताची अक्षरे उघडी दिसतात. एकाच मालावर दोन नाक्यांवर जकात घेतल्यासारखे हे आहे, आणि त्यावरचा उपायही पावतीचाच आहे: एस्केप झालेल्या तुकड्याला साधी स्ट्रिंग न ठेवता त्याला वेगळा प्रकार द्यावा, आणि हेल्परने तो प्रकार ओळखून त्याला पुन्हा हात लावू नये.

बहुतेक प्रौढ फ्रेमवर्कांनी हाच मार्ग घेतला. जँगोने २००८ मधील १.० या आवृत्तीपासून टेम्पलेटमधील (पानाच्या तयार साच्यातील) मजकूर आपोआप एस्केप करायला सुरुवात केली, आणि सुरक्षित स्ट्रिंगसाठी तेथे स्वतंत्र प्रकार आहे. रेल्समध्ये हा बदल २०१० मधील तिसऱ्या आवृत्तीत आला. पायथनमध्ये मार्कअपसेफ ही लहानशी लायब्ररी एवढेच काम करते, आणि ती वाचून पाहण्यासारखी आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी: जिंजा हे टेम्पलेट इंजिन नुसते वापरले तर त्यात आपोआप एस्केप करण्याची सोय मुळात बंद असते. त्यावर आधारलेले फ्लास्क हे फ्रेमवर्क ती एचटीएमएल फाइलींसाठी चालू करते, त्यामुळे फ्लास्कमध्ये शिकलेला माणूस जिंजा स्वतंत्रपणे वापरू लागला की हमखास फसतो.

या पावतीचा गैरवापरही होतो. पानावर संकेत दिसू लागले की घाईत कोणी तरी "हे सुरक्षित आहे" असे सांगणारे फंक्शन, रेल्समध्ये एचटीएमएल-सेफ किंवा जँगोमध्ये मार्क-सेफ, त्या मजकुराभोवती गुंडाळतो आणि पान नीट दिसू लागते. ते फंक्शन मजकूर सुरक्षित करत नाही. तो सुरक्षित असल्याचे तुमचे वचन फक्त नोंदवून घेते. कोड तपासताना मी सर्वप्रथम ही दोन नावे शोधतो, आणि प्रत्येक ठिकाणी हे वचन कोणाच्या भरवशावर दिले आहे ते विचारतो. या बाबतीत रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीच्या कर्त्यांनी चांगली युक्ती केली: तेथील समकक्ष सोयीच्या नावातच "धोकादायक" हा शब्द घातलेला आहे, त्यामुळे ते नाव लिहिताना हात जरा अडखळतो.

ॲट्रिब्यूट देताना कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात?

होय-नाही स्वरूपाचे ॲट्रिब्यूट हे सर्वांत फसवे प्रकरण आहे. डिसेबल्ड, चेक्ड, रिक्वायर्ड यांसारख्या ॲट्रिब्यूटच्या बाबतीत ब्राउझर किंमत पाहत नाही, केवळ ॲट्रिब्यूट आहे की नाही एवढेच पाहतो. डिसेबल्डची किंमत "फॉल्स" अशी लिहिली तरी बटण बंदच राहते. आमच्याकडे पुस्तक राखून ठेवण्याचे बटण याच कारणाने एक आख्खा शनिवार कोणालाही दाबता आले नाही. हेल्परने असत्य किंमत आली तर ॲट्रिब्यूट पूर्णपणे गाळावा, आणि सत्य आली तर नुसते नाव लिहावे. उलट एरिया या उपसर्गाने सुरू होणाऱ्या, स्क्रीन रीडरसाठी (दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी) असलेल्या ॲट्रिब्यूटना "ट्रू" किंवा "फॉल्स" हे शब्द प्रत्यक्ष लिहून हवे असतात. तेथे असत्य किंमत गाळली तर अर्थ बदलू शकतो. दोन्हींसाठी एकच नियम लावणारे हेल्पर मी पाहिले आहेत, आणि ते दोन्हींपैकी एकीकडे चुकतातच.

चित्राच्या ऑल्ट ॲट्रिब्यूटची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तो रिकामा ठेवणे म्हणजे "हे चित्र केवळ शोभेचे आहे, स्क्रीन रीडरने ते वगळावे" असे सांगणे होय. तो मुळीच न लिहिणे म्हणजे काहीच न सांगणे, आणि मग काही स्क्रीन रीडर फाइलचे नाव वाचून दाखवतात. त्यामुळे रिकामी स्ट्रिंग आणि गाळलेली किंमत यांत हेल्परने फरक केला पाहिजे. रेल्सचा चित्राचा हेल्पर एके काळी फाइलच्या नावावरून ऑल्ट स्वतःच बनवत असे. ती सोय पुढे काढून टाकली गेली, आणि ते योग्यच झाले. चित्राचे वर्णन लिहिणे सक्तीचे करणारा हेल्पर सुरुवातीला त्रासदायक वाटतो, तरीही मी तोच वापरतो.

याशिवाय, ज्यांना बंद करणारा टॅग नसतोच असे १३ टॅग सध्याच्या मानकात आहेत. चित्र, इनपुट, ओळ तोडणे, आडवी रेघ, मेटा आणि लिंक हे त्यांपैकी नेहमी लागणारे. खालच्या थराच्या हेल्परमध्ये त्यांची यादी एकदाच लिहून ठेवावी.

फॉर्मचे हेल्पर एवढे गुंतागुंतीचे का असतात? एका चौकटीसाठी चार-चार टॅग का निघतात?

कारण फॉर्मचे मूळ नियमच तसे आहेत. चेकबॉक्सवर खूण केली नसेल, तर ब्राउझर त्याबद्दल सर्व्हरला काहीही पाठवत नाही. "मला स्मरणपत्र पाठवावे" यावरची खूण सभासदाने काढली काय आणि तो प्रश्न फॉर्ममध्ये नव्हताच काय, सर्व्हरला दोन्ही सारखेच दिसते. म्हणून रेल्सचा हेल्पर चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाची एक लपलेली चौकट शून्य किंमतीसह ठेवतो. उगमकोड पाहणाऱ्याला ती कचरा वाटते आणि कोणी तरी ती एखाद्या दिवशी साफसफाईत काढून टाकतो.

तसेच, एचटीएमएलचा फॉर्म सर्व्हरकडे विनंती पाठवताना गेट आणि पोस्ट याच पद्धती वापरू शकतो. नोंद बदलण्यासाठी किंवा खोडण्यासाठी वेगळी पद्धत हवी असेल, तर ती लपलेल्या चौकटीतून सांगावी लागते. दुसऱ्या संकेतस्थळाने सभासदाच्या नावावर परस्पर फॉर्म भरू नये यासाठी एक गुप्त टोकनही त्यात जावे लागते. ही दोन्ही कामे हाताने करता येतात, पण २० फॉर्मांपैकी एकात टोकन राहून गेले तर पान तक्रार करत नाही. ते गुपचूप चालत राहते.

लेबल आणि चौकट यांची जोडी आयडीवरून जुळते. यादीतील प्रत्येक पुस्तकासमोर "नूतनीकरण" असा चेकबॉक्स असेल आणि हेल्पर सर्वांना एकच आयडी देत असेल, तर कोणत्याही लेबलवर बोट टेकवले तरी खूण पहिल्याच पुस्तकावर उमटते. आयडीत पुस्तकाचा क्रमांक आला पाहिजे.

एक बारीक गंमत टेक्स्टएरियाची. त्याच्या उघडणाऱ्या टॅगनंतर लगेच आलेली पहिली नवी ओळ ब्राउझर गिळून टाकतो. सभासदाने अभिप्रायाची सुरुवात मुद्दाम एक ओळ सोडून केली असेल, तर प्रत्येक संपादनात ती ओळ नाहीशी होईल. रेल्सचा हेल्पर त्यासाठी आधीच एक नवी ओळ टाकून ठेवतो. असल्या गोष्टी कोणीही स्वतःहून शोधून काढत नाही. त्या अगोदर कोणाला तरी चटका बसलेला असतो आणि तो हेल्परमध्ये जमा झालेला असतो.

टेम्पलेट असताना फंक्शनने मार्कअप बनवणे जुनाट नाही का?

या प्रश्नात थोडे तथ्य आहे. पर्ल या भाषेच्या काळात लिंकन स्टाइन यांच्या सीजीआय मॉड्यूलमध्ये जवळजवळ प्रत्येक टॅगसाठी एक फंक्शन होते, आणि पूर्ण पान फंक्शनच्या पोटात फंक्शन अशा रीतीने लिहिले जाई. पानाचा साचा बदलायचा तर प्रोग्राम बदलावा लागे, आणि ज्याला फक्त मांडणी कळते त्याला तेथे शिरता येत नसे. हे मॉड्यूल २०१५ मधील पर्ल ५.२२ पासून मूळ संचातून वगळले गेले, आणि त्यातील मार्कअपची फंक्शने आता वापरू नयेत असे त्याच्या स्वतःच्या दस्तऐवजातच म्हटले आहे.

तथापि, २०१३ मध्ये फेसबुकने रिॲक्ट खुले केले तेव्हा तीच कल्पना मागल्या दाराने परत आली. रिॲक्टमध्ये मार्कअप लिहिण्याची जेएसएक्स ही पद्धत दिसायला मार्कअपसारखी असली, तरी कंपायलर तिचे रूपांतर फंक्शनच्या आवाहनांतच करतो. फरक एवढाच, की हे फंक्शन स्ट्रिंग परत देत नाही, तर घटकाचे वर्णन करणारा ऑब्जेक्ट देते, त्यामुळे मजकूर आणि मार्कअप यांची गल्लत होण्यास जागाच राहत नाही. कोष्टक, पाने उलटण्याचे दुवे किंवा फॉर्मची चौकट यांसारख्या, तर्काधारित आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांसाठी हेल्पर वापरावेत. पानाचा साचा, शीर्षक, तळटीप यांसाठी टेम्पलेट. हेल्परच्या आत ३० ओळींचे मार्कअप जमू लागले, तर ते टेम्पलेटचाच तुकडा व्हायला हवे होते असे समजावे.

ब्राउझरमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टने पान बदलताना, हेच नियम लागू होतात का?

होतात, परंतु तेथे अधिक सोपा मार्ग उपलब्ध आहे. घटक तयार करून त्याच्या टेक्स्ट-कंटेंटमध्ये मजकूर ठेवला, तर तो मजकूरच राहतो आणि एस्केप करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. इनर-एचटीएमएल वापरणाऱ्यांचा एक समज असा असतो, की त्यातून घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही म्हणून धोका नाही. स्क्रिप्ट टॅग चालत नाही हे खरे आहे. मात्र न सापडणाऱ्या चित्राच्या ऑन-एरर ॲट्रिब्यूटमधला कोड चालतो.

मराठी पानांसाठी हेल्परमध्ये काही वेगळे करावे लागते का?

बरेच काही, आणि तयार हेल्पर येथेच सर्वाधिक उणे पडतात, कारण ते इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात.

मजकूर कापणाऱ्या हेल्परपासून सुरुवात करू. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू (युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेले अक्षर, मात्रा किंवा हलन्त) तीन बाइट घेतो. "महाराष्ट्र" हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसला, तरी त्यात १० संकेतबिंदू आणि ३० बाइट आहेत. बाइट मोजून कापले तर शेवटी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन उमटतो. संकेतबिंदू मोजून सातव्यावर कापले तर "महाराष्" असा पाय मोडलेला शब्द उरतो. अक्षरसमूह मोजणाऱ्या लायब्ऱ्या यावर उपाय आहेत, पण सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ पर्यंत त्यांचा मूळ नियमच जोडाक्षराला हलन्तापाशी तोडू देत असे, त्यामुळे लायब्ररी त्याहून जुन्या नियमांवर चालत असेल तर "क्षि" चे दोन तुकडे पडू शकतात. शक्य असेल तेथे मी कापतच नाही. लांबलेला मजकूर सीएसएसने (पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेने) झाकतो, आणि कापणे अपरिहार्यच असेल तर शब्दाच्या हद्दीवर कापतो.

अनेकवचनाचा हेल्पर तर मराठीत निरुपयोगीच ठरतो. एक पुस्तक आणि पाच पुस्तके, एक नोंद आणि पाच नोंदी, एक कादंबरी आणि पाच कादंबऱ्या, एक सभासद आणि पाच सभासद. येथे शेवटी एखादे अक्षर चिकटवून भागत नाही. दोन्ही रूपे शब्दाबरोबरच द्यावीत.

विभक्तीचे प्रत्यय जोडणारा हेल्पर मी स्वतः एकदा मोठ्या उत्साहाने लिहिला होता. सभासदाने आपले रेल्वे स्थानक निवडले की पानावर "दादरहून येण्याचा मार्ग" असे शीर्षक यावे, एवढीच अपेक्षा होती. दादर, कल्याण, मुलुंड, डोंबिवली येथपर्यंत सर्व ठीक चालले. मग "ठाणेहून", "कुर्लाहून" आणि "वांद्रेहून" आले. मराठी माणूस ठाण्याहून, कुर्ल्याहून आणि वांद्र्याहून येतो. प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि ते शब्दागणिक बदलते. नियम लिहून पाहिले, अपवाद वाढत गेले, आणि अखेरीस हेल्पर काढून शीर्षकच "येण्याचा मार्ग: ठाणे" असे केले. स्थानकांची यादी मर्यादित आहे, तेव्हा सामान्यरूपाचा वेगळा रकाना ठेवता आला असता. पण सभासदांच्या नावांसाठी तेही शक्य नाही, म्हणून वाक्यरचनाच अशी करावी की नावाला प्रत्यय लागणार नाही.

अंकांचे दोन चेहरे सांभाळावे लागतात. वाचकाला दाखवताना देवनागरी अंक आणि लाख-कोटींची मांडणी हवी. जावास्क्रिप्टच्या अंकमांडणीच्या सोयीला भारतीय मराठीचे लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) दिले तर १२,३४,५६७ असे दोन्ही मिळते. मात्र संख्येच्या इनपुट चौकटीची किंमत, तारखेची चौकट आणि टाइम टॅगचा डेटटाइम ॲट्रिब्यूट यांना रोमन वळणाचेच अंक लागतात. तेथे देवनागरी अंक दिले तर चौकट रिकामी उघडते आणि कारण पटकन सापडत नाही. रकमेचा हेल्पर एकच असावा, म्हणजे कोठे "रु." आणि कोठे ₹ अशी भेसळ होत नाही. हे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले. ते रेखाटणारे डी. उदय कुमार तेव्हा आपल्या पवईच्या आयआयटीत होते, एवढे जाता जाता. चिन्ह आणि रक्कम यांत जागा सोडायची असेल तर न तुटणारी जागा वापरावी, नाही तर अरुंद पडद्यावर ₹ एका ओळीत आणि रक्कम दुसऱ्या ओळीत जाते.

शेवटी, लँग ॲट्रिब्यूट. मराठी पानावर तो मराठीचाच हवा, आणि मधल्या इंग्रजी शीर्षकासाठी हेल्परला भाषा सांगता आली पाहिजे, कारण स्क्रीन रीडर कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचे ते त्यावरून ठरवतो. हिंदीच्या पानाचा साचा उचलून आणलेल्या कित्येक मराठी पानांवर हा ॲट्रिब्यूट आजही हिंदीचाच असतो.

फंक्शनची नावे मराठीत ठेवता येतात का?

पायथन ३ आणि जावास्क्रिप्ट या दोन्हींत देवनागरी नावे चालतात, आणि वर दिलेले दुवा हे नाव प्रत्यक्षातही वापरता येईल. शिकवताना त्याचा उपयोग होतो. सामायिक कोडमध्ये मात्र मी रोमन नावेच ठेवतो, कारण दर ओळीत कीबोर्ड बदलावा लागतो आणि ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक झाली की फंक्शन सापडत नाही.

हेल्परमुळे पान मंदावते का?

वाचनालयाच्या आकाराच्या कामात नाही. डेटाबेसकडून नोंदी येण्यास लागणाऱ्या वेळेपुढे हा वेळ नगण्य असतो. हजारो ओळींचे कोष्टक असेल तर तुकडे एका यादीत जमवून शेवटी एकदाच जोडावेत, आणि एका पानावर हजारो ओळी दाखवण्याची खरोखर गरज आहे का तेही तपासावे.

हेल्परची चाचणी कशी घ्यावी?

निघालेली स्ट्रिंग अक्षरशः ताडून पाहणाऱ्या चाचण्या लवकर कंटाळा आणतात, कारण ॲट्रिब्यूटचा क्रम बदलला तरी त्या मोडतात. त्याऐवजी मार्कअप पार्सरमधून (ते वाचून त्याचे घटक वेगळे करणाऱ्या प्रोग्राममधून) काढून "या दुव्याचा मजकूर दिलेल्या नावाशी जुळतो का" असे विचारावे. चाचणीसाठी वापरायचे नाव मुद्दाम वाकडे असावे: त्यात पाचही विशेष चिन्हे, एक जोडाक्षर आणि कडेला मोकळी जागा. संपूर्ण पान अधूनमधून डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या तपासनिसातून काढावे. परिच्छेदाच्या आत डिव्ह (मजकुराचा गट बांधणारा टॅग) घातला गेला असेल तर ब्राउझर परिच्छेद आधीच बंद करतो आणि मांडणी बिघडते, ते तेथे चटकन कळते.

जुन्या कोडमध्ये सर्वत्र स्ट्रिंग जोडलेल्या आहेत. बदलाची सुरुवात कोठून करावी?

सगळे एकदम बदलू नये. प्रथम ज्या पानांवर बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर दिसतो ती पाने घ्यावीत. आमच्याकडे ती तीनच निघाली, अभिप्राय, सभासदाचे प्रोफाइल आणि शोधाचा निकाल. शोधाच्या निकालावर "आपण शोधलेला शब्द" म्हणून जे परत छापले जाते ते बहुतेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून ते सर्वांत आधी पाहावे. तेवढ्यासाठी खालच्या थराचे एक फंक्शन आणि दुव्याचे एक फंक्शन पुरते. त्यानंतर फॉर्म घ्यावेत, तेही ज्या दिवशी त्या फॉर्ममध्ये अन्य काही बदल करायचा असेल त्या दिवशीच. आमच्या वाचनालयाचे "आमच्याविषयी" हे पान अजूनही हाताने लिहिलेल्या टॅगांचे आहे, आणि त्याला हात लावण्याचे काही कारण मला दिसत नाही.